एकोणीस षटकं, आठ बळी

आमच्या कंपनीच्या स्पोर्ट्स हॉलमध्ये गेल्या महिन्यात एक पितळी पाटी लागली. कंपनीच्या क्रिकेट संघांचे विक्रम तिच्यावर कोरले आहेत. शेवटून दुसरी ओळ अशी आहे : एका डावातील सर्वोत्तम गोलंदाजी, १९ षटके, ७ निर्धाव, ३१ धावा, ८ बळी. पुढे नाव आहे, अरविंदन.

त्या ओळीत तीन चुका आहेत. एक मला बावीस वर्षांपासून ठाऊक आहे. उरलेल्या दोन पाटी लागल्यावर दहा दिवसांनी कळल्या. तिन्ही माझ्या हातच्या आहेत, कारण ती ओळ माझ्या स्कोरबुकातून उतरवलेली आहे.

ते आठ बळी सेतुमाधवरावाचे होते. अरविंदन त्या दिवशी मैदानावर नव्हताच, घरी कॉलेजच्या परीक्षेचा अभ्यास करत होता. आता तो आमचा डेप्युटी जनरल मॅनेजर आहे. पाटीच्या समारंभात तो स्टेजवर उभा राहिला आणि माइकवर म्हणाला, त्या दिवशी चेंडू सुटताना जे वाटलं ते अजून माझ्या बोटांत आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिसऱ्या रांगेत होतो. माझे हात मांडीवरच राहिले. मला सहसा राग येत नाही. त्या दिवशी आला तो अजून गेलेला नाही, आणि गेलेला मला नकोही आहे.

सेतूबद्दल कोणी कधी काही लिहिणार नाही. म्हणून मी लिहितो.

मी पुण्याहून चेन्नईला आलो तो वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या या कंपनीत, क्वालिटी विभागात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजायचं आणि मोजलेलं लिहून ठेवायचं, हे माझं काम. पुण्यात मी एका क्लबचा स्कोरर होतो. ते इथल्या स्पोर्ट्स सेक्रेटरींना कळलं आणि माझे रविवार ठरून गेले. शहराच्या लीगमध्ये कंपनीचे दोन संघ होते, एक वरच्या डिव्हिजनमध्ये, एक खालच्या. दोन्हींची वही माझ्याकडे.

पहिल्याच सामन्यात जेवणाच्या सुट्टीत एक उंच, काटकुळा, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा गोलंदाज टेबलाशी आला. कपाळावर घामाने पसरलेली गोपीचंदनाची रेघ. माझ्या खांद्यावरून वाकून त्याने वही पाहिली आणि विचारलं, "लिवलं की?"

चेन्नईच्या मैदानावर मराठी ऐकून मी हसलो. ते हसणं त्याला आवडलं नाही. त्याचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी तंजावरला गेलेले. घरात हेच मराठी, बाहेर तमिळ. "तुमचं मराठी पुस्तकातलं, अण्णा," तो म्हणाला. "आमचं घरातलं. हसायचं असेल तर तमिळात बोलू." मी तेव्हा त्याच्याहून फार तर दीड वर्षाने मोठा असेन. पण त्या दिवसापासून मी अण्णा झालो.

मग त्याने वहीतल्या एका खुणेवर बोट ठेवलं. त्याच्या षटकात एक फलंदाज धावबाद झाला होता आणि मी तो चुकून गोलंदाजाच्या खात्यात धरला होता. "हा माझा नव्हे. काढा." मी खोडलं. तो खोडून होईपर्यंत तसाच उभा राहिला. बाकीचे गोलंदाज एखादी विकेट जास्त पडली तर गप्प बसतात, हे मला दहा वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. याला चाराऐवजी तीन झालेले पाहून समाधान वाटलेलं दिसलं.

तेव्हापासून दर स्पेलनंतर हा ठरलेला कार्यक्रम. तो येई, उलट्या बाजूने वही वाचे, विचारी, "लिवलं की?" आणि दहीभाताचा डबा माझ्यापुढे सरकवी. डब्यात एक लिंबाच्या लोणच्याची फोड त्याची आणि एक माझी. आकडा पटला नाही तर डबा सरकत नसे.

तो वेस्ट मांबलममध्ये आईबरोबर दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहत असे. इमारतीच्या तळमजल्यावर एक अरुंद सिमेंटचा बोळ होता, बरोबर बावीस पावलांचा. पहाटे तो जुना चेंडू बादलीत बुडवून त्या बोळात टाके. चेंडू पडे तिथे सिमेंटवर ओला डाग उठे. पुढचा चेंडू त्याच डागावर पडला पाहिजे, तो वाळायच्या आत. बोळाच्या तोंडाशी तळमजल्यावरच्या मामी रोज कोलम, म्हणजे ठिपक्यांची रांगोळी, काढत. एकदा मी सकाळी त्याच्याकडे गेलो तेव्हा मामी कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि तमिळमध्ये त्याला सुनावत होत्या की कोलमच्या एका जरी ठिपक्यावर पाणी उडालं तर तुझ्या आईला सांगेन, मुलगी बघायला जाल तिथे हाही अवगुण कळवा. सेतू टाकत राहिला. अर्ध्या तासात एक थेंब कोलमपर्यंत गेला नाही. शेवटी मामी आत जाताना मला म्हणाल्या, आज एकोणचाळीसात चौतीस पडले, काल छत्तीस होते, बाहेरचं माणूस आलं की त्याचं लक्ष जातं. मी मनात मोजले होते. चौतीसच होते.

त्याचा रनअप तेरा पावलांचा. तो ती ओठांत मोजे. आठवड्यातले सहा दिवस तो आमच्या स्टोअर्समध्ये गिअरच्या पेट्या उचले, कंत्राटावर, आणि सातव्या दिवशी खेळपट्टीवर अंथरलेल्या काथ्याच्या मॅटवर दिवसभर गोलंदाजी करी. लीगमध्ये एका गोलंदाजाने किती षटकं टाकावीत याला मर्यादा नव्हती. सेक्रेटरी बाउंड्रीवरून कॅप्टनला खूण करत, आणि एका टोकाने सेतू सकाळपासून चहापर्यंत टाकत राही. एप्रिलमध्ये मॅटवर उभं राहिलं तर बुटाच्या तळव्यातून चटका बसतो. मी एकदा त्यांना म्हणालो की याने आज सव्वीस टाकली आहेत, आता पुरे करा. ते हसून म्हणाले, लोखंड वापरात असलं की गंजत नाही. मला ते उत्तर तेव्हाही संतापजनक वाटलं होतं. मी पुढे काही बोललो नाही, हेही नोंदवतो.

त्याला कशाची अपेक्षा होती ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कंपनी दरवर्षी खेळाडूंमधून एकाला कायम करत असे. गोलंदाज असेल तर हंगामात कंपनीसाठी पन्नास बळी हवेत, असा स्पोर्ट्स कमिटीचा नियम होता. कायम झालं की आईच्या औषधपाण्याची सोय, आणि त्याच्या भाषेत, "मग कुणी मज तू कोण म्हणून विचारणार नाही." स्टोअर्समध्ये कंत्राटी माणसाचं ओळखपत्र दर तीन महिन्यांनी गेटवर काढून घेत आणि नवीन मिळेपर्यंत रजिस्टरमध्ये सही करून आत सोडत. वॉचमन रोज त्याला ओळखत असे आणि रोज नाव विचारत असे. सेतू रोज पूर्ण नाव सांगे, सेतुमाधवराव, एक अक्षर कमी नाही.

त्या हंगामाचे शेवटचे दोन आठवडे उरले तेव्हा त्याचे त्रेचाळीस बळी झाले होते. सबंध हंगामात त्याचा एकही नो-बॉल नव्हता. असं पान माझ्या वहीत आधी नव्हतं, पुढेही आलं नाही.

त्याच वेळी आमचा खालचा संघ लीगमधून बाहेर पडायच्या बेतात आला. एक सामना जिंकणं भाग होतं. वरच्या संघाला त्या रविवारी सुट्टी होती, पण सेतूची नोंदणी वरच्या संघात, त्याला खाली खेळता येत नव्हतं. खालच्या संघाच्या यादीत सेक्रेटरींच्या बहिणीचा मुलगा अरविंदन होता. सकाळी नाणेफेकीआधी सेक्रेटरींनी सेतूला माझ्या टेबलाशी आणलं. म्हणाले की आज हा अरविंदन म्हणून खेळेल. लीगमध्ये सगळेच असं करतात. वही शेवटी कमिटीकडेच येणार आहे, सेतूचे ते सेतूलाच मोजू.

सेतूने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, स्कोररने कॅप्टनच्या यादीत जे नाव असेल ते लिहायचं असतं. हे खरं आहे. स्कोररचं पहिलं काम तेच. यादीत अरविंदन होतं, मी अरविंदन लिहिलं.

त्या दिवशी त्याने जी गोलंदाजी केली तशी मी पुन्हा पाहिली नाही. मॅटवर जणू बोळातला तो ओला डाग होता आणि तो फक्त त्यालाच दिसत होता. आमच्या एकशे बावीस धावा होत्या. ते एकशे अठरात गेले. आठ त्याचे. दुसऱ्या संघाचा स्कोरर म्हणजे त्यांचा बारावा खेळाडू होता. तो पाणी घेऊन मैदानात जाई आणि परत आला की माझ्या वहीतून उतरवून घेई. सेक्रेटरी माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते. फ्लास्कमधली कॉफी मला देत होते, भाच्याच्या परीक्षेचं सांगत होते, अरविंदनची आद्याक्षरं नीट घातली ना ते बघत होते.

सामना संपल्यावर सेतू टेबलाशी आला नाही. येऊ शकतच नव्हता, लोक बघत होते आणि तो सेतू नव्हता. दुरून त्याने डबा दाखवला आणि झाडाखाली बसून एकट्याने खाल्ला.

पुढच्या रविवारचा वरच्या संघाचा शेवटचा सामना वादळी पावसाने एकही चेंडू न टाकता रद्द झाला. त्रेचाळीस आणि आठ, एक्कावन्न. मी घरी तीनदा बेरीज केली. एवढीशी बेरीज तीनदा कोण करतं.

कमिटीच्या बैठकीला मला वह्या घेऊन बोलावलं. तीन माणसं होती. अध्यक्ष फॅक्टरीचे मोठे साहेब, त्यांना क्रिकेट फारसं कळत नव्हतं. ते म्हणाले, सेतुमाधवरावच्या नावावर किती?

सेक्रेटरींनी खिडकीकडे पाहिलं. मी थांबलो. ते आता बोलतील असं मला वाटलं. ते बोलले नाहीत. आणि मी म्हणालो, "त्रेचाळीस."

हे मी पुष्कळ वेळा स्वतःला समजावून पाहिलं आहे. मला कोणी दम दिला नव्हता. माझी नोकरी तेव्हा पक्की होती. मला विचारलं ते नावावर किती असं, आणि नावावर त्रेचाळीस होते. उत्तर एका आकड्यानेही चूक नव्हतं. मोजणाऱ्या माणसाची ही चूक आहे : आकडा जुळला की आपण खरं बोललो असं त्याला वाटतं. लबाड माणसाला निदान आपण लबाडी करतोय हे ठाऊक असतं. मी मात्र ताठ मानेने बाहेर आलो.

दाराबाहेर तो उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. "सांगितलं की?" त्याने विचारलं.

"वहीत होतं ते सांगितलं."

त्याला समजायला फार वेळ लागला नाही. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "सरी." तमिळमध्ये याचा अर्थ बरं, ठीक. तो स्टोअर्सच्या दिशेने गेला. त्याची पाळी दोनला सुरू व्हायची होती.

त्या वर्षी गोलंदाज कोणीच कायम झाला नाही. पण दुसऱ्या वर्षी अरविंदनची पदवी झाली आणि तो खेळाडूंच्या जागेवर आत आला. अर्जासोबत माझ्या वहीतल्या त्या पानाची प्रत होती. खाली माझी सही, स्वच्छ अक्षरात.

सेतू आणखी एक हंगाम खेळला. त्यांनी त्याला तसंच वापरलं, एका टोकाने, चहापर्यंत. डबा तो आणत असे. आता त्यात लोणच्याची एकच फोड असे. मार्चमध्ये एका सकाळी स्टोअर्सच्या वरच्या फळीवरून पेटी काढायला त्याने हात वर केला तो खांद्याच्या वर गेलाच नाही. स्टोअर्सचे साहेब म्हणाले, कामावर झालेलं नाही, खेळताना झालेलं आहे. खेळाच्या बाजूने सेक्रेटरींनी सांगितलं, तो कर्मचारीच नाही, कंत्राटी आहे. तीन महिन्यांनी ओळखपत्र काढून घेतलं ते परत आलं नाही.

सेक्रेटरी मानाने निवृत्त झाले. त्यांच्या निरोपसमारंभाला मी सगळ्यांबरोबर ओळीत उभा राहून हार घातला.

वेलचेरीत आमच्या तळमजल्याच्या घरात पुराचं पाणी शिरलं त्या वर्षी मी आधी स्कोरबुकं वरच्या शेजाऱ्यांकडे नेली. बायको अजून ऐकवते, "गॅसचं सिलिंडर पाण्यात तरंगत होतं आणि हे सतरा वह्या डोक्यावर घेऊन जिना चढत होते." तिला वाटतं मला त्या वह्यांचं प्रेम आहे. मला त्यातल्या एका पानाची भीती होती. ते बुडलं असतं तर बरं, असं जिना चढताना माझ्या मनात आलं होतं, तरी मी ती वही सर्वांत वर ठेवली होती.

सेतू टी. नगरमधल्या एका मोठ्या साड्यांच्या दुकानात आहे हे मला ठाऊक होतं. दाराशी पिशव्या ठेवून घ्यायचा काउंटर असतो, तिथे. मी त्याला याआधी दोनदा पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा बायकोला बाजूच्या दाराने आत नेलं होतं.

पाटी लागल्यानंतरच्या दहाव्या दिवशी, शनिवारी, मी त्या पानाची प्रत घेऊन गेलो. नावाखाली मी खुलासा लिहिला होता : ही गोलंदाजी सेतुमाधवराव यांची आहे, मी प्रत्यक्ष पाहिली आहे. पूर्ण नाव, सही, तारीख.

त्याचे केस पांढरे झालेत, कपाळावरची रेघ तशीच आहे. उजवा हात अंगाला धरलेला. डाव्या हाताने तो पिशव्या मागच्या खणांत ठेवतो आणि पितळी बिल्ले काउंटरवरून सरकवतो. गर्दी होती. त्याने मला ओळखलं. आश्चर्य दाखवलं नाही.

मी पाटीचं सांगितलं. अरविंदनचं बोटांबद्दलचं वाक्यही सांगितलं. मी कागद पुढे केला. त्याने तो हातात घेतला नाही. काउंटरवर होता तसाच, उलट्या बाजूने वाचला.

"एकतीस नव्हे," तो म्हणाला. "बत्तीस."

मला कळेना.

"तेरावी ओव्हर. चौथा बॉल नो-बॉल होता. अंपायरनी हात आडवा केला. तुम्ही पाहिलं म्हणून हात वर केलात, पण तोंड सेक्रेटरीकडं होतं. कॉफी घेत होता. तो बॉल तुम्ही लिवलाच नाही, म्हणून तुमची ओव्हर सहाची भरली. ती निर्धाव धरलीत. सात नव्हे, सहा."

मी म्हणालो, तुझा तर हंगामात एकही नो-बॉल नव्हता.

"तो एकच." मध्ये एका बाईच्या दोन पिशव्या घेऊन त्याने बिल्ला दिला आणि परत माझ्याकडे वळला. "बाराव्या पावलावर मिडऑफवरून कोणी तरी ओरडलं, कमॉन अरविंद. मज मागे वळून बघावंसं वाटलं, कोण आला म्हणून. पाय पुढं गेला."

मागून एक माणूस तमिळमध्ये म्हणाला, सार, गप्पा नंतर मारा. सेतूने त्याची बॅग घेतली.

"ते आधी नीट करा," तो मला म्हणाला. "मग नाव."

मी खिशातून पेन काढलं. काउंटरच्या कडेला, लोकांच्या धक्क्यात, एकतीस खोडून बत्तीस केले, सात खोडून सहा केले, प्रत्येक खोडीशी आद्याक्षरं घातली. मग कागद पुन्हा त्याच्यापुढे ठेवला. म्हणालो, हा तुझ्यासाठी आणला आहे.

"मज कशाला? मज पाठ आहे." आता त्याचा आवाज चढला होता. बावीस वर्षांत मी तो पहिल्यांदा ऐकला. रांगेतली माणसं बघू लागली. "तुम्हास विचारलं कुठं? तिथं. त्रेचाळीस म्हण्टलात कुठं? तिथं. मग इथं येऊन मज काय सांगता, अण्णा? तिथं जाऊन सांगा. त्या तिघांतलं कोणी नसेल तर खुर्च्यांना सांगा."

मी कागद उचलला. कमिटीकडे सोमवारी सकाळी दहाची वेळ मागितली आहे, असं मी त्याला सांगितलं. ते खरं नव्हतं. तिथेच, बाजूला होऊन, फोनवरून मी ती मागितली आणि खरं केलं.

जाताना दारातून वळून पाहिलं. गर्दी वाढली होती. काउंटरवर चार-पाच हात एकदम पुढे आले होते. तो डाव्या हाताने बिल्ले सरकवत होता आणि प्रत्येक बिल्ला ज्याच्या त्याच्या बोटांपाशी जाऊन थांबत होता, काठाच्या अलीकडे, एकही खाली पडत नव्हता. मी पाच मोजले. मान वर न करता त्याने डोक्यांवरून मला विचारलं, "वेळ लिवली की?"